बंद गिरणीच्या दृश्याला संगीत देतेय : कुलपावर सम टाकू की नको?

झपताल_दहा

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, घर पूर्वभागात. घरी तेलुगू, बाहेर मराठी. तबला शिकतेय, या सत्रात विशारद पूर्णच्या परीक्षेला बसणार आहे. दीड वर्षापासून लॅपटॉपवर रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर टाकून लहानसहान दृश्यांना संगीत करून बघतेय. हे शिकवणारं जवळपास कुणी भेटलं नाही, म्हणून जे येतं ते ऐकून-बघून आलेलं. आता पहिल्यांदाच दोन खरी कामं हातात आली आणि दोन्हींत अडकलेय.

पहिलं काम लघुपटाचं. शेवटचं दृश्य १ मिनिट ५२ सेकंदांचं आहे, संवाद एकही नाही. गिरणीत उभा जन्म गेलेले आजोबा बंद फाटकापाशी येतात, थांबतात, हात वर करतात. ६४व्या सेकंदाला हात कुलपावर पडतो आणि कुलूप साखळीवर आपटतं. मग ते तसेच उभे, कॅमेरा हळूहळू मागे जातो. दिग्दर्शक म्हणतो, ६४व्या सेकंदाला काहीतरी मोठं वाजलं पाहिजे.

मी सोळा मात्रांचा तीनताल घेतला, लय मिनिटाला ७५ मात्रा. म्हणजे मात्रा ०.८ सेकंदाची, आवर्तन १२.८ सेकंदांचं, आणि पाच आवर्तनं बरोबर ६४ सेकंदांत संपतात. चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणून मात्रेला नेमक्या २० फ्रेम. सहावी सम, म्हणजे सहाव्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुलपावर. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, 'तिटकत गदिगन धा' तीनदा घेतलं, ते ५७.६ला सुरू होतं आणि शेवटचा धा ६४ला पडतो. गणितात काही चूक नाही. पण ऐकलं की मैफिलीत टाळी पडावी तसं वाटतं, आजोबांनी जणू कुलूप जिंकलं. दृश्य नेमकं उलटं आहे.

दुसरी अडचण लूमची. नान्ना, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोडला पॉवरलूमवर आहेत. तिथं जाऊन आवाज रेकॉर्ड केला. फोन टर्किश टॉवेलात गुंडाळून खिडकीत ठेवला, नाहीतर जमिनीची थरथर सगळी आत येते. मशिनी बघणारे जॉबरकाका विचारत होते, "काय गं पोरी, मशिनीचं गाणं करालीस काय?" मला तेच करायचं होतं, लूमच्या ठोक्यांवर सगळं बसवायचं. पण मोजलं तर ठोके मिनिटाला १४६ भरले, म्हणजे निम्मी लय ७३. त्या लयीत पाच आवर्तनांच्या ८० मात्रांना ६५.७५ सेकंद लागतात. सम पावणेदोन सेकंद उशिरा येते, तोवर हात कुलपावर पडून गेलेला असतो. रेकॉर्डिंग ताणून १५०वर नेलं तर खटका बोथट होतो.

दुसरं काम गेमचं, पुण्यातल्या तिघांचं. एक मुलगी रात्री भुईकोट किल्ल्यात शिरते, पहारेकऱ्यांना चुकवत फिरते. तीन अवस्था आहेत : शांत, संशय, पाठलाग. मी तीन तुकडे करून एमपीथ्री पाठवले. ते म्हणतात, प्रत्येक तुकडा परत सुरू होताना मध्ये पोकळी येते, आणि एकातून दुसऱ्यात जाताना झटका बसतो. इथं ताल चालतच नाही, कारण खेळणारा कधी पकडला जाईल ते मला कुठं माहीत असतं?

कुणी हे काम केलं असेल तर सांगा. दोन्ही कामं मनापासून करायची आहेत.

पडद्यामागे

मी चित्रपटांच्या ध्वनिसंकलनात आहे, चौदा वर्षं झाली. मुळात तू गणित मांडून विचारलंस याचाच आनंद झाला. बरेच जण 'फील येत नाही' एवढंच लिहून मोकळे होतात.

लूमचं आधी. संगीत दृश्याच्या पहिल्या फ्रेमला सुरू व्हायला हवं असं कुणी सांगितलं? आधीच्या दृश्याच्या शेपटावर पावणेदोन सेकंद अगोदर सुरू कर. ७३ची लय तशीच राहील, लूम ताणावा लागणार नाही, आणि सम बरोबर ६४ला येईल. शिवाय आधीच्या दृश्यात लूम ऐकू येऊ लागला की प्रेक्षक गिरणीत पोचतो आणि चित्र मागून येतं. आम्ही हे सर्रास करतो. फक्त आधीच्या दृश्यात त्या जागी संवाद नाही ना, ते बघ.

ते जमत नसेल तर दोन मात्रा गाळ. १.६४ सेकंद वाचतात आणि सम जेमतेम तीन फ्रेम मागे राहते. तेवढं खपतं. चित्राच्या किंचित मागून आलेला आवाज कान सहज स्वीकारतो, आधी आलेला मात्र खुपतो. आयुष्यात आपण तसंच ऐकतो, लांबून घण पडताना आधी दिसतो आणि मग आवाज येतो.

ताणायचाच असेल तर लांबी आणि स्वर वेगळे करणारं साधन वापरू नकोस, खटका त्यानेच बोथट होतो. जुन्या टेपसारखा सरळ वेग वाढव. १४६चे १५० करताना स्वर दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराच्या निम्म्याने चढेल. लूमच्या आवाजात ते नान्नांखेरीज कुणालाही कळणार नाही.

आता एक प्रश्न. दिग्दर्शकाने संकलन करताना त्या दृश्याखाली तात्पुरतं म्हणून दुसऱ्या कुठल्या चित्रपटाचं संगीत लावलं होतं का? 'काहीतरी मोठं' ही मागणी बहुतेक तिथून येते. महिनाभर तेच ऐकून त्याच्या कानात ते दृश्य आणि ते संगीत एकजीव झालेलं असतं. मग तू काहीही दिलंस तरी त्याला उणंच वाटतं. विचारून बघ.

गिरणगावचा_नातू

माझे आजोबा सोलापूरच्या गिरणीत होते. आमच्या घरात घड्याळ होतं, पण वेळ भोंग्यावरच चालायची. आजी भाकरी थापायला बसायची ती भोंगा ऐकून. एकच विनंती आहे, या दृश्यात भोंगा घालू नकोस. गिरणी म्हटलं की चिमणी आणि भोंगा, हे इतक्यांदा झालंय की आता त्याचं काही वाटत नाही. आणि फाटकाला कुलूप लागलेल्या गिरणीचा भोंगा वाजेल कसा?

आजोबा गिरणी बंद झाल्यावरही पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसायचे. तेव्हा घरात काहीच आवाज नसायचा. तो न-आवाज मला अजून आठवतो.

रागवेडी

मी सुचवीन सारंगी आणि तोडी. कोमल ऋषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत. दुःख म्हणजे तोडीच. विलंबित आलाप, ६४व्या सेकंदाला तार षड्ज. लूम-बिम कशाला?

पडद्यामागे

रागवेडी, तोडी माझाही जीव की प्राण. पण रडवेल्या दृश्यावर सारंगी ठेवली की चित्र जे सांगतंय तेच संगीत दुसऱ्यांदा सांगतं. आजोबांच्या चेहऱ्यावर दुःख आहेच. चेहऱ्यावर जे नाही ते संगीताने आणावं, आणि इथं ते म्हणजे त्यांच्या कानात अजून चालू असलेली गिरणी. म्हणून मला लूम योग्य वाटतो.

काहीच न वाजवणं हाही एक पर्याय असतो, तो आपल्या लोकांनी फार पूर्वी करून ठेवलाय. मूकपटाच्या काळात पडद्यापुढे पेटी-तबल्याची साथ असे. बोलपट आल्यावर संगीताचा पूरच आला. त्या काळात, १९३७ साली, प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनात 'कुंकू' केला तो पार्श्वसंगीताशिवाय. गाणी आहेत, पण त्यांना लागणारं संगीत प्रसंगातच असतं. बाकी घरातले आवाज. एकदा डोळे मिटून ऐक.

खर्जातला_सा

बाळ, मी चाळीस वर्षं तबला शिकवतोय. चित्रपटाचं मला काही कळत नाही. सम मात्र कळते, म्हणून लिहितो.

तुझी तिहाई बरोबर आहे. तिटकत गदिगन धा, तीन अधिक तीन अधिक दोन, आठ मात्रा, नवव्या मात्रेपासून उचल आणि धा समेवर. पण तिहाईचं काम काय असतं? ऐकणाऱ्याला दोनदा सांगायचं की असं होणार आहे, आणि तिसऱ्यांदा ते करून दाखवायचं. दुसरा धा पडला की श्रोत्याची मान समेकडे निघालेली असते. तिसरा धा त्याच्या मनात आधीच वाजलेला असतो. तू तो वाजवतेस तेव्हा त्याला मिळालेलं असतं ते तू परत देतेस. मैफिलीत तो देवघेवीचा आनंद आहे, म्हणून टाळी पडते. तुझ्या म्हाताऱ्याला टाळी नको आहे.

मग तिसरा धा वाजवू नकोस. गदिगनपर्यंत ये आणि हात उचल. समेवर कुलूप साखळीवर आपटू दे. तोच धा. तुझ्या डग्ग्यापेक्षा तो बारीक असेल, कोरडा असेल, आणि तसाच हवा. मान समेवर येईल आणि तिथं लोखंड सापडेल.

दुसरं म्हणजे तिहाई तबल्यावर घेऊ नकोस. तबल्याचा बोल ऐकला की ऐकणारा मैफिलीत जाऊन बसतो. लूमच्या ठोक्यांतच ती बांधता येते का बघ. तीन, तीन, दोन. बोल न लावता नुसती वजनं.

आणि परीक्षेचा रियाज सोडू नकोस.

पडद्यामागे

सर, नमस्कार. हे मी कितीतरी वर्षं फ्रेमा मोजून करतोय, पण कारण आज कळलं.

झपताल, यातली व्यावहारिक बाब लक्षात ठेव. कुलपाचा आवाज चित्रीकरणात आला असेल तसा कदाचित पुरणार नाही. खरं कुलूप, खरी साखळी घेऊन शांत खोलीत दहा-पंधरा वेळा आपटून रेकॉर्ड कर. जाड, गंजलेलं कुलूप शोध, नवं पितळी किणकिणतं. आणि तो आवाज संगीताच्या फाइलीत मिसळू नकोस. लूम वेगळा, बाकी संगीत वेगळं, कुलूप वेगळं असं दे. शेवटच्या मिश्रणात त्याची पातळी चित्र बघून ठरवावी लागते. प्रत्येक फाइलीत पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमची टूं ठेव, म्हणजे तिकडे कुणी अंदाजाने जुळवत बसणार नाही.

कळफलक

गेमवाल्याची हजेरी. बंगळूरला असतो, मूळ बार्शीचा.

पोकळीचं कारण सोपं आहे. एमपीथ्री करताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा भरली जाते. गाणं ऐकताना कळत नाही, फेर धरला की दर वेळी अडखळतं. वेव्ह फाइल दे किंवा ऑग दे. दुसरं, शेवटच्या थापेचा घुमारा तू फाइल संपते तिथं कापत असशील. तो घुमारा पुढच्या फेऱ्याच्या सुरुवातीवर सांडला पाहिजे. तुकडा सलग दोनदा वाजवून काढ आणि दुसरा फेरा तेवढा कापून दे. त्याच्या सुरुवातीला पहिल्याचा घुमारा आपोआप असतो.

आता तुझा खरा प्रश्न. ताल चालत नाही म्हणतेस, पण गेमइतका ताल कुठंच लागत नाही. १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चार उतरते स्वर होते, बस. शत्रू कमी होत जातील तशी त्यांची लय वाढायची आणि खेळणाऱ्याचे तळवे ओले व्हायचे. आपल्याकडे सतारीवर शेवटी द्रुत लयीतला 'झाला' वाजतो तेव्हा अंगावर येतं ते याहून काय वेगळं?

खेळणारा कधी पकडला जाईल हे तुला माहीत नाही, खरं आहे. पण पकडला गेल्यावर संगीताने कुठं बदलायचं हे तू ठरवू शकतेस. एफमॉडसारख्या गेमचे आवाज जोडायच्या साधनात खूण करून ठेवता येते की बदल इथंच होईल, मधे नाही. तू तीनताल ७५ला घेऊन फक्त समेवर बदलायचं म्हटलंस तर नशीब वाईट असेल तेव्हा १२.८ सेकंद थांबावं लागेल. तेवढ्यात मुलगी पकडली जाते. म्हणून प्रत्येक विभागावर खूण ठेव. चार मात्रांचे ३.२ सेकंद. तरी जास्त वाटले तर पाठलागाच्या जवळपास दादरा घे. १२०च्या लयीत सहा मात्रा तीन सेकंदांत होतात आणि तीन मात्रांवर खूण ठेवली तर दीड. आणि पहारेकऱ्याची नजर पडल्या क्षणी एकच थाप लगेच, कशाचीही वाट न बघता. ती थाप कानाला गुंतवते, तेवढ्यात मागचा विभाग संपतो आणि पाठलाग सुरू होतो.

दुसरी पद्धत थरांची. तीन वेगळे तुकडे नकोत, एकाच लांबीचे तीन थर एकदम चालू ठेवायचे आणि आवाज कमीजास्त करायचा. पाश्चात्त्य संगीत करणाऱ्या मित्रांना यात एक त्रास होतो. त्यांच्या स्वरसंघाची वाटचाल असते. एक थर मध्येच उघडला तर तो वाटेत कुठंतरी पोचलेला असतो, त्यामुळे सगळे थर एकमेकांशी बांधून लिहावे लागतात. आपल्याकडे खाली तंबोऱ्याचा सा आहे. तो हलत नाही. एका रागातला कुठलाही थर कधीही उघड, कधीही मिट, षड्ज जागेवरच असतो. ही सोय आपल्याला फुकट मिळालेली आहे आणि आपण ती पुरेशी वापरत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

खर्जातला_सा

हे वाचून आनंद झाला. एकच सांगतो. असे तुकडे उघडले-मिटले तर तो राग राहत नाही, त्या रागातली धून राहते. रागाला बढत लागते, तो एकेक स्वर उलगडत जातो. धूनही चांगली असते, पण तिला राग म्हणू नका. बाकी तुमचं चालू द्या.

कळफलक

मान्य सर. यापुढे धूनच म्हणेन.

कायद्याचं_बोला

सूर चांगले जुळलेत, पण बाळ, लेखी काही केलंयस का? मी वकील आहे आणि कलाकारांची ही कामं बघतो. मित्रमंडळी असली तरी एक पानभर कागद करा : किती दृश्यं, किती वेळा बदल करून देणार, नाव कुठं आणि कसं येणार, पैसे किती. पैसे नसतील तर नसतील, पण नाव लिहून घे.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तीनुसार चित्रपटात वापरलेल्या संगीतरचनेचा उपयोग चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतरत्र झाला तर रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराचा असतो, आणि तो सोडून दिल्याचा करार केला तरी टिकत नाही. वारसांच्या किंवा कॉपीराइट संस्थेच्या नावे तेवढा करता येतो. ही गोष्ट कितीतरी जाणत्या संगीतकारांनाही माहीत नसते.

आणि त्या तात्पुरत्या परक्या संगीताची चाल 'जरा बदलून' दे म्हणाले तर देऊ नकोस.

झपताल_दहा

आठवडा लागला उत्तराला, रागावू नका. परवापर्यंत परीक्षेची धावपळ होती.

सगळ्यांत आधी सर, तुमचा निरोप मी गुरुजींना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त तबल्यावर दोन धा वाजवले आणि तिसऱ्याला हात वर धरून ठेवला. वर्गातली सगळी मुलं त्या जागी मान हलवून गेली.

दिग्दर्शकाला विचारलं. होय, एका परदेशी चित्रपटाचं संगीत लावलं होतं, ढोल आणि तुताऱ्या. त्याला म्हटलं, एकदा काहीच न लावता बघू. माझ्या घरी माळ्यावर बसून आवाज बंद करून तीनदा बघितलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, आजोबांचे ओठ हलतायत, हे मी आजवर बघितलंच नव्हतं. मग विचारायला गेलो तर कळलं, ते गिरणीतल्या त्यांच्या जुन्या खात्याचा नंबर पुटपुटत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आता तो मोठ्या आवाजाचा हट्ट राहिलेला नाही.

लूम ७३लाच ठेवला आणि पावणेदोन सेकंद आधी सुरू केला. आधीच्या दृश्यात फक्त रस्ता आहे, संवाद नाही. तिहाई लूमच्या ठोक्यांत बांधली. तबला काढून टाकला. सुरुवातीला आवर्तन लागावं म्हणून दर समेला एक खोल ठोका किंचित वर काढला, बाकी काही नाही. चौथ्या आवर्तनापासून एकेक लूम बंद होत जातो, शेवटच्या आठ मात्रांना एकच उरतो. तीन, तीन, दोन, मग शांतता, आणि कुलूप. त्यानंतरच्या ४८ सेकंदांत काहीही नाही, फक्त फाटकापलीकडचा वारा आणि लांबची एक रिक्षा.

कुलूप शेजारच्या बंद कारखान्याचं मिळालं. साखळी आमच्याच जिन्याची. एकोणीस वेळा आपटलं, चौदावं घेतलं.

एक गंमत नाही, पण सांगावीशी वाटणारी गोष्ट आहे. रेकॉर्डिंगमध्ये एका लूमचा ठोका सारखा किंचित मागे पडत होता. मी तो फोनचा दोष समजून दोन रात्री एकेक ठोका सरकवून सरळ करत बसले होते. नान्ना कामावरून आले, चहा पीत उभ्याउभ्या ऐकलं. म्हणाले, हा खिडकीकडून तिसरा, त्याचा पिकर, धोट्याला धक्का देणारा तुकडा, सैल झालाय, धोटा उशिरा सुटतो. मी सरळ केलेले सगळे ठोके परत होते तिथं ठेवले. शेवटी एकटा उरणारा लूम तोच आहे.

गेमचंही काम लागलं. ऑग दिल्यावर पोकळी गेली. थर केले : खाली तंबोरा, वर संशयाला नुसत्या डग्ग्याची घासणी, पाठलागाला हलगी. हलगी जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत रेकॉर्ड केली होती, पण फोन फार जवळ धरल्याने आवाज फाटलाय आणि मागून 'हर्र बोला हर्र' ऐकू येतं. ती किल्ल्यातल्या पाठलागाला लावणं मला बरं वाटेना, तो देवाचा गजर आहे. वाजवणाऱ्या एका काकांना विचारलंय, रविवारी घरी येऊन ते वेगळी वाजवून देणार आहेत. त्यांचं नाव गेमच्या यादीत जाईल, तसं लिहून घेतलंय, आणि मानधनही ठरलंय.

कळफलक दादा, एक विचारायचं राहिलं. पाठलाग संपून परत शांत अवस्थेत येताना हलगीचा थर हळूहळू मिटवला तर ती विझल्यासारखी वाटते. एकदम बंद केली तर चुकून बंद पडल्यासारखी. काय करू?

कळफलक

मिटवू नकोस. शेवटची एक छोटी तिहाई वेगळ्या फाइलीत दे. मुलगी निसटली की पुढच्या विभागापासून ती वाजेल आणि समेवर हलगी संपेल. आणि इथं तिसरा धा नक्की वाजव. ती सुटलीय.